सोमवारची कार्डं

न्जाबिनी,
मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

जोसाया मकोखा भाऊजींना, न्योकाबीच्या आईचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे सगळे बरे असाल अशी आशा आहे. पत्राची सुरुवात अशी करायची असं पाचवीच्या मुलांना मी तेवीस वर्षं शिकवत आले, त्यामुळे मला दुसरी येत नाही. स्वाहिलीत लिहिते आहे. आम्हा किकुयूंची स्वाहिली कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा चुका पोटात घाला.

यंदा बटाटा बरा आला. थंडी आहेच. न्योकाबीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष नाकुरूला चालू आहे. तुमैनी गाय पुन्हा गाभण आहे. मला सप्टेंबरपासून मुख्याध्यापिका केलं. खुर्ची आधीच्या सरांचीच आहे, तिचा एक पाय डुगडुगतो.

न्योकाबीचे बाबा, गाथेरू, २९ जूनला गेले. तुम्ही रेडिओवर ऐकलं असणार, निधनवार्तांमध्ये तीन दिवस त्यांचं नाव वाचलं. पायाची जखम साखरेमुळे भरलीच नाही. ३ जुलैला शनिवारी माती दिली. रेडिओवर सलाम धाडणाऱ्या तुमच्या मंडळातली एकवीस माणसं आली होती, कोणी मेरूहून, कोणी थेट मोम्बासाहून. सगळ्यांच्या डोक्यावर काउबॉय हॅट होत्या. पाद्रीबुवांनी त्या काढायला लावल्या, आणि पाद्रीबुवांची पाठ वळल्याबरोबर त्या परत चढल्या. मी पुढच्या बाकावर बसून हे सगळं बघत होते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मला रडू आलं नव्हतं, एवढंच. अजूनही आलेलं नाही.

तुम्ही आला नाहीत. मी त्याबद्दल तक्रार करायला लिहीत नाही, हे आधी सांगते.

बुधवार

काल इथवर लिहिलं आणि शाळेची घंटा झाली. आज मधल्या सुट्टीत पुढे लिहिते.

खरं सांगायचं तर तुमच्या दोघांच्या त्या वेडाची मला कायम लाज वाटत आली. दुकानातून छापील कार्डांचा गठ्ठा आणायचा, दहा ओळींवर दहा नावं लिहायची, खाली गाण्याची फर्माईश, आणि मग रविवारी दोन ते चार रेडिओला कान लावून बसायचं, की आपलं नाव लागतं का आणि आपल्याला कोणी सलाम धाडलाय का. आणि गाणी तरी कोणाची? 'न्जाबिनी थ्री हॅट्स'ची. तीन भाऊ, तिघांची पोटं सुटलेली, अंगात झालरीची जाकिटं, आणि गाणं गाय, आई आणि पाऊस यांच्यापलीकडे जात नाही. मधेच आवाज मोडून वर फेकायचा, की कुत्री भुंकायला लागतात. गाथेरू धारेला जाताना तसाच आवाज काढायचे. न्योकाबी म्हणायची, "बाबा, माझ्या मैत्रिणी आल्यात, आज तरी माणसासारखं चाला." ते म्हणायचे, "मैत्रिणींना दूध हवं असेल तर गाणंही ऐकावं लागेल."

पण तुमचं मला जास्त नवल वाटायचं. हे निदान किकुयू. तुम्ही लुह्या माणूस, उसाच्या मुलखातला, आमच्या भाषेतला एक शब्द कळत नाही, आणि तिन्ही हॅटवाल्यांची सगळी गाणी तोंडपाठ. ९४ साली तुम्ही बाजार-हॉलमधल्या कार्यक्रमाला आला होता, खांद्यावर उसाची मोळी घेऊन. आत जेमतेम तीस माणसं होती आणि खिडकीबाहेर हसणारी पोरं पन्नास. गाथेरू म्हणाले, "थांब, तुला अर्थ सांगतो." तुम्ही म्हणालात, "नको रे बाबा. गेली अकरा वर्षं मला वाटतंय की ते माझ्या आईबद्दल आहे. ते बटाट्याबद्दल निघालं तर मी काय करू?" मी तुम्हाला चहा देत होते. मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. तुम्ही मला शेमेजी म्हणालात, भावाची बायको. तेही मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि ९२ सालचं मी विसरलेले नाही. एल्गॉन डोंगराकडे दंगलीत घरं जळत होती, यांचा धाकटा भाऊ तिकडे अडकला होता, बारा दिवस काही पत्ता नव्हता. मग रविवारी तुमचं कार्ड वाचलं गेलं. सलाम न्जाबिनीच्या गाथेरूला, त्याचा भाऊ आणि दोन वासरं माझ्या घरी आहेत, आणि वासरं जास्त खातायत. सासूबाई जमिनीवर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. असा माणूस मातीला आला नाही, म्हणून लोक बोलले. अजून बोलतात.

गेल्या महिन्यात मंडळाचे अध्यक्ष वांगोंबे घरी आले. मंडळाची वार्षिक बैठक झाली होती. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी सांगितलं, "बाई, आम्ही ठराव केला. मकोखाचं नाव यापुढे आमच्यापैकी कोणी कार्डावर लिहिणार नाही. ज्याने गाथेरूला जिवंतपणी टाकलं, मेल्यावर पाहिलं नाही, त्याला आमचा सलाम कशाला?" मी त्यांना आणखी एक कप चहा दिला.

मी गप्प बसले. म्हणून हे पत्र.

गुरुवार

काल संध्याकाळी पुढचं लिहिणं जमलं नाही. आज एका दमात लिहून टाकते.

जानेवारीपासून गाथेरूंना पोस्टापर्यंत चालवेना. पोस्ट माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. दर सोमवारी सकाळी ते कार्ड माझ्या हातात द्यायचे आणि मी पेटीत टाकायचे. मार्चच्या पहिल्या रविवारी त्यांचं एक कार्ड लागलं, तुम्हीही ऐकलं असेल. सलाम माझ्या बायकोला, शिक्षिका न्यागुथीला. तिने हाक मारली की आमची तुमैनी पान्हा सोडते, मी हाक मारली की लाथ. तिच्यासाठी थ्री हॅट्सचं गायीचं गाणं.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये पाय ठेवला तेव्हा सगळ्यांनी चहाच्या कपांमधून माना वर केल्या. मग भूगोलाचे किबे सर म्हणाले, "बाई, जरा एक हाक मारा, चहात दूध कमी पडलंय." सातवीच्या फळ्यावर कोणीतरी गाय काढली होती, चष्मा लावलेली. त्याच महिन्यात मुख्याध्यापकपदासाठी माझी तपासणी करायला खात्याचे साहेब येणार होते.

घरी येऊन मी गाथेरूंना म्हटलं, "सगळ्या देशासमोर मला गोठ्यात उभं केलंत." ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "अगं, मी तुझं कौतुक केलं. खरं तेच लिहिलं." ते खरंच होतं. ती गाय माझ्याच हाकेला पान्हवते.

पुढच्या सोमवारचं कार्ड मी टाकलं नाही. साहेब येऊन जाऊ देत, मग टाकू असं म्हणून पर्समध्ये ठेवलं. त्याच्या पुढच्या सोमवारचंही टाकलं नाही. साहेब आले आणि गेले. तोवर तीन कार्डं साठली होती, आणि आता एकदम टाकली तर वरच्या तारखा दिसतील, असा विचार मी केला. मी शिक्षिका आहे, तारखा मला दिसतात.

रविवारी ते पाय स्टुलावर ठेवून, हॅट घालून बसायचे. चार वाजता हॅट काढायचे. म्हणायचे, "पोस्टात तुंबलं असेल." मग म्हणायला लागले, "कार्यक्रमात नवी मुलगी आलीय, तिला माझं अक्षर लागत नसेल." म्हणून ते मोठ्या अक्षरात लिहायला लागले. तुम्ही बघाल, प्रत्येक कार्डावर अक्षर आधीपेक्षा मोठं आहे. एप्रिलच्या शेवटी मला म्हणाले, "तुझं अक्षर फळ्यावरचं, तूच लिहून दे." मी लिहून दिलं. ते सांगत गेले, मी दहा नावं लिहिली, पहिलं तुमचं. छान वळणदार लिहिलं. आणि सोमवारी तेही पर्समध्ये ठेवलं.

एप्रिलमध्येच एका रविवारी तुम्ही रेडिओवरून विचारलंत, "न्जाबिनीच्या दोस्ता, सहा आठवडे झाले, गप्प का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझी कार्डं पोचतच नाहीत," ते म्हणाले. "पोस्टात जरा चौकशी करतेस का?" मी म्हटलं, करते. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की पोस्टमास्तर म्हणाले, सगळं टपाल वेळेवर जातं. पोस्टमास्तरांना मी काही विचारलंच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की रेडिओवाल्यांनीच त्यांना काढून टाकलंय. "म्हातारा झालो, थ्री हॅट्सही म्हातारे झाले, आता कोण ऐकतं," असं म्हणाले आणि बटाटे सोलायला मागितले.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. होय, ते पोचलं. ६ मेला, शाळेच्या टपालपेटीत. पेटीची किल्ली माझ्याकडे असते. मी ते फोडून वाचलं. तुम्ही लिहिलं होतं, माझं काही चुकलं असेल तर सांग, अठरा वर्षांत तू मला एकाही रविवारी वगळलं नाहीस. मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं. ते पत्र त्यांना दिलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मी ते शाळेच्या कपाटात हजेरीपटांखाली ठेवलं. तुम्हाला उत्तर गेलं नाही, म्हणून १६ मेच्या रविवारी तुम्ही दहा नावं धाडलीत त्यात गाथेरूंचं नव्हतं. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्यांनी ती दहा नावं बोटांवर मोजली. मग रेडिओ बंद केला. तेव्हा तीनही वाजले नव्हते. मला वाटलं, आता हे संपलं. आता सोमवारी कार्ड मिळणार नाही, आणि मला, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या शनिवारी मी वांगोंबेंकडे गेले आणि इथवरचं सगळं सांगितलं. त्यांनी हॅट उचलली आणि गोठ्याकडे निघून गेले. त्यांच्या बायकोने मला फाटकापर्यंत सोडलं. आज त्यांची चिठ्ठी आली, दोन ओळींची, की ठराव रद्द केला आहे आणि मी मंडळाच्या कोणाच्याही घरी येऊ नये. ते योग्य आहे.

काल स्वयंपाकघरात थ्री हॅट्सचं गाणं लागलं. मी शेवटपर्यंत ऐकलं. मला सगळे शब्द येतात, नेहमीच येत होते. काही वाटलं नाही. गिथेरीचं भांडं उतरवलं आणि जेवले. लाज तेवढी वाटते, बाकी सगळं हाताला मुंग्या आल्यासारखं आहे. तुमच्याकडे माफी मागावी असं रोज मनात येतं, पण ती मागायला लागणारा आवाज मला सापडत नाही. म्हणून नुसतं जे झालं ते लिहिते.

या पाकिटात नऊ कार्डं आहेत आणि तुमचं पत्र. कार्डं तारखेने लावली आहेत. सगळ्यांवर पहिलं नाव तुमचं आहे.

दहावं इथे नाही. ते १७ मेचं, तुम्ही नाव वगळल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी मी निघाले तर ते दारात कार्ड घेऊन उभे होते, भिंतीला धरून. मी ते रस्त्यात वाचलं. दहाही ओळींवर तुमचंच नाव होतं, वरपासून खालपर्यंत, जोसाया मकोखा, जोसाया मकोखा. गाण्याच्या जागी लिहिलं होतं, तो सांगेल ते. मी पोस्टासमोरून चालत गेले. त्या दिवशी तिथे रांगसुद्धा नव्हती. त्यानंतर त्यांनी कार्ड लिहिलं नाही.

ते कार्ड आज सकाळी मी रेडिओला पाठवलं. खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे की हे गाथेरूंनी मे महिन्यात लिहिलं, त्यांच्या बायकोने टाकलं नाही, आणि पुढे माझं नाव, हुद्दा आणि शाळा. किबे सर दर रविवारी ऐकतात. सातवीची मुलंही ऐकतात. वाचतील की नाही मला माहीत नाही. न वाचलं तर तेच पुन्हा उतरवून पुढच्या सोमवारी पाठवीन, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी. रविवारी दोनला तुम्ही रेडिओ लावावा, एवढंच सांगायचं होतं.

मुलीचं लग्न नीट पार पडलं असेल. तुमच्या घरी सगळ्यांना नमस्कार.

तुमचं पत्र सहा महिने हजेरीपटांखाली ठेवणारी,
न्यागुथी