कापलेल्या स्प्रिंगा

१४ मार्च

चि. जावईबापूंना आशीर्वाद. सासऱ्याने तो लिहायचा असतो, म्हणून लिहिला. इकडे सगळे ठीक. तुमची तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत माझ्या गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या तुमच्या गाडीची चौकशी आहे. पुढच्या सस्पेन्शनचं काम कुठवर आलं, रंगावर ओरखडा तर उठला नाही ना, वरून ताडपत्री घालतो की नाही. माझी मुलगी तीन आठवडे इथे येऊन राहिली आहे, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. एकाच विषयाला इतकं चिकटून राहणं सगळ्यांना जमत नाही.

तर गाडीचं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा तुम्ही कापल्यात. गाडी खाली बसली की रुबाबदार दिसते म्हणे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ती बनवली ते बिचारे अडाणी, त्यांना हे सुचलं नाही. बरं, कापल्यात त्याही सारख्या नाहीत, एक अर्ध्या वेढ्याने आखूड. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश नवे घातलेत, कौतुक आहे. पण बोल्ट आवळलेत कधी, तर गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना. मग गाडी जमिनीवर टेकली की त्या रबराला कायमचा पीळ बसतो. डावीकडचं पिळून पिळून फाटलं. ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा आणि गाडी डावीकडे ओढायची.

ती तुम्हाला आठवडाभर सांगत होती, ब्रेकला गाडी ओढते म्हणून. तुम्ही म्हणालात, "तुला गाडीतलं काय कळतं?" मग गाडी भिंतीवर गेली. ती शेजारी बसली होती, कपाळाला खोक पडली होती, आणि तुम्ही उतरून आधी दिव्याची रिंग चेपली का ते पाहिलंत. हे तिने मला आल्या आल्या सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सांगितलं, तेही बोल्ट आवळता आवळता.

हो, बोल्ट ती आवळत होती. हे लिहायचं मी मघापासून टाळतो आहे. माझे हात गेल्या वर्षापासून थरथरतात, मी स्टुलावर बसून होतो. तिने भंगारवाल्याकडून पूर्ण मापाच्या स्प्रिंगा शोधून आणल्या. पुढच्या सीटांवर वाळूची पोती ठेवली, चाकांवर सगळं वजन येऊ दिलं आणि मगच बुशचे बोल्ट आवळले. वरच्या आर्ममागच्या पातळ पत्र्या एकेक काढून घालून चाकांचा कल जुळवला, दोन्ही बाजूंनी दोरी ताणून ती सरळ रेषेत आणली. एकदा मी म्हणालो, उजवीकडची एक पत्री कमी कर. ती म्हणाली, "नाही बाबा." पुन्हा मोजलं. तिचं बरोबर होतं.

जावईबापू, तुमच्याबद्दल माझं मत काय आहे ते एव्हाना कळलं असेल. पण ते वाक्य काही तुमचं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती गॅरेजातच काम करते म्हणाली, तेव्हा तुला गाडीतलं काय कळतं असं तिला मीच विचारलं होतं. वर गाड्यांचा शौकीन नवरा पाहून दिला, म्हणजे पोरीची हौस भागेल. त्या अकलेपुढे तुमची स्प्रिंगा कापायची अक्कल काहीच नाही.

काल ती गाडी मोठ्या रस्त्याला घेऊन गेली. मी शेजारी होतो. चांगल्या वेगात तिने स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी सरळ. ब्रेक दाबला, तरी सरळ. परत येताना ती लांबच्या रस्त्याने आली.

गाडी तयार आहे, येऊन घेऊन जा. तुमच्याबरोबर जाणार का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गाडी त्यांची आहे. ती द्या."

सोमवारपासून गॅरेज ती उघडणार आहे. पाने पुसून द्यायला मी आहेच.

तिच्या हाताखाली काम करणारा,
तिचा बाप