हेडसरांचं लाल पेन

सोमवार, २ डिसेंबर १९९६

एसटी चुकली, शाळेत पोचायला वीस मिनिटं उशीर. वाटभर हेडसरांचं लाल पेन डोळ्यांपुढे. उशीर झाला की मस्टरवर लाल शेरा, मग कुणी का असेना.

पण काल रविवारी दौंडला एम.ए.च्या तासाला हेच सर उशिरा आले. आम्ही दोघं एकाच वर्गात. लेकाच्या वयाच्या प्राध्यापकांनी त्यांना अर्धा तास दारात उभं ठेवलं.

आज लाल पेन त्यांच्या खिशातच राहिलं. "करा सही," म्हणाले. मग हळूच, "बाई, कालची वही देता का? सुरुवातीचं माझं हुकलंय."

मी लगेच दिली. आत्ता आठवलं, शेवटच्या पानावर मी दारात उभे असलेले सर काढलेत. लाल पेनासकट.

चित्र तसं बरं जमलंय.