लाखामागे अकरा

सोमवार, ४ मार्च

आमच्या आरोग्य खात्यात नवीन अधिकारी बाई आज रुजू झाल्या. वय असेल पस्तीस. माझी नोकरीच सव्वीस वर्षांची. आल्या आल्या माझ्या टेबलाशी उभं राहून तक्ता मागितला — शहरात खाण्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊन किती माणसं आजारी पडतात, त्याचा. दिला. गेल्या तिमाहीत लाखामागे तीन. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एवढेच?" जणू बाकीचे मी घरी नेऊन ठेवलेत.

नाव ठेवून टाकलं — चष्मा.

गुरुवार, ७ मार्च

फतवा निघाला. आजवर दवाखाने महिनाअखेर फॉर्म पाठवायचे, मी बेरीज करायचो. उशिरा आलेला फॉर्म बाद. नियम माझाच, शिस्त लागावी म्हणून. आता म्हणे प्रत्येक लॅबने रिपोर्ट त्याच दिवशी थेट आमच्याकडे पाठवायचा. शिवाय जानेवारीपासूनचे सगळे आत्ता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मंगळवार, १२ मार्च

लाखामागे आठ. तिमाही अजून संपायचीय! नऊ वर्षं मी आकडा खाली ठेवला आणि या बाईंनी आठ दिवसांत वर नेऊन ठेवला.

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. "रोग एवढा वाढला कसा?"

बाई म्हणाल्या, "रोग तेवढाच आहे, साहेब. आपण आता बघायला लागलोय."

साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मला आतून गुदगुल्या.

बुधवार, १३ मार्च

हिला घरी सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "पण ती माणसं खरंच आजारी आहेत की नाहीत?"

"आहेत, पण —"

"मग?"

हिला ऑफिसातलं काही सांगण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांच्या हातात बंद पाकीट दिलं. बाई अननुभवी, विनाकारण घबराट, खात्याची बदनामी, बदली व्हावी. दोन पानं. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी जुनी माणसं आहेत म्हणून खातं उभं आहे."

सोमवार, १८ मार्च

बाईंना पत्राचा वास लागला की काय कोण जाणे. एकोणीस रुग्णांची यादी पुढ्यात टाकली. प्रत्येकाला फोन करून विचारायचं, आजारी पडण्याआधी तीन दिवस काय काय खाल्लं. मी आकडेवारीचा माणूस! पहिल्याने फोन आदळला. दुसरी म्हणाली, "माझ्या जुलाबांची चौकशी करणारे तुम्ही कोण?" तिसऱ्याने अर्धा तास सुनेची गाऱ्हाणी ऐकवली. खाल्लेलं मात्र एक आठवेना.

मंगळवार, १९ मार्च

चौदा जण बोलले. त्यांतले अकरा जण एकाच ठिकाणचं चिकन सँडविच खाल्लेले. गोदामांच्या गल्लीत एक स्वयंपाकघर आहे, ते ऑफिसांना दुपारचे डबे पुरवतं. बाईंना यादी दिली. "छान काम केलंत," म्हणाल्या. मी काय शाळेत आहे?

गुरुवार, २१ मार्च

अन्न निरीक्षकाबरोबर मलाच पाठवलं. कच्च्या अंड्यांचं मेयोनीज बादलीत, फ्रिजच्या बाहेर. ज्या फळीवर कोंबडी चिरायची तिच्यावरच पाव कापायचे. मालक वरच्या पट्टीत म्हणाला, "इतकी वर्षं एक तक्रार नाही. तुमच्याच ऑफिसात विचारा."

खरं होतं. तक्त्यात एकही नव्हती. निरीक्षकाने नमुने घेतले, कुलूप लावलं.

शुक्रवार, २२ मार्च

न लागलेले फोन पुन्हा लावले. एक रुग्ण दवाखान्यात, म्हणून त्याच्या वडिलांनी उचलला. शिंपी आहेत. मुलगा आता पेज घेतो म्हणाले. ऑफिसातला डबा खाल्ला होता. कुठला डबा, ते त्यांनीच मला विचारलं. मी स्वयंपाकघराचं नाव सांगितलं.

मग म्हणाले, "याची आई तिथलंच खाऊन गेली. दोन वर्षं झाली. मी तेव्हा तुमच्याकडे फोन केला होता. त्या स्वयंपाकघराचं नावसुद्धा सांगितलं होतं. एक गृहस्थ होते. म्हणाले, फॉर्म उशिरा आलाय, आता धरता येत नाही." मग विचारलं, "तुमचाच आवाज होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं. ते अजून असतील तर सांगा, ती एक्केचाळीस वर्षांची होती. त्यांनी विचारलं नव्हतं."

शनिवार, २३ मार्च

सुट्टी असून ऑफिसला गेलो. बाद फॉर्मांचा गठ्ठा काढला. तिचा सापडला. वर लाल शाईत "बाद", खाली माझी सही. त्या एका वर्षाचे तसले त्रेपन्न. त्याच वर्षी आकडा सगळ्यात खाली होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

हिला काही सांगितलं नाही. हिने विचारलंही नाही.

बुधवार, २७ मार्च

साहेबांकडे पत्र परत मागितलं. साहेब हसले. "बदलीचा आदेश निघालासुद्धा. तिमाहीच्या अहवालावर आता तुमची सही. आकडा आपला नेहमीच्या पद्धतीने काढा."

बाई खोक्यात पुस्तकं भरत होत्या. म्हटलं, "ते पत्र मी दिलं होतं."

"माहीत आहे. साहेबांनीच वाचायला दिलं. शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं." आणि वर, "अजून चार फोन राहिलेत. ते तेवढे करा."

बाई मला आजही आवडत नाहीत. मान वाकडी करून बोलतात. चार फोन केले.

सोमवार, १ एप्रिल

लाखामागे अकरा. अहवालावर सही केली, वर पाठवला.

मग शिंप्यांना फोन लावला. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो. तो मीच होतो."