दाइगोच्या रक्ताचा निकाल

चि. तोमिए हीस,

थोरल्या भावाचे तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही आशीर्वाद. सफरचंदांना फुलोरा धरला का? मी बरा आहे. अक्षर वाकडं आलंय ते म्हातारपणामुळे नव्हे, कारण पुढे कळेल.

टीव्हीवर आपला दाइगो आखाड्यात उतरलेला पाहून तू लिहिलंस, 'दादा, तू त्या सुमोच्या तालमीचा स्वयंपाकी की वैरी? माझ्या पोराच्या रक्ताचं लोणी केलंस. तपासून घे, नाहीतर मी येऊन त्याला घरी नेते.' वाचून हातातली पळी गळाली. (रश्श्यात पडली. त्या दिवशी पोरांनी रस्सा जास्तच मागितला.) दुपारी कोंबडी-टोफूचा रस्सा, त्यावर भाताचे डोंगर आणि मग घोरणं, हे सगळं माझ्याच हातचं. रक्तात चरबी निघाली असती, तर तुला तोंड कुठल्या तोंडाने दाखवलं असतं?

नेलं त्याला दवाखान्यात. उपाशीपोटी या म्हणाले, त्याची अडचण नव्हती; आमची पोरं सकाळचा सराव संपेपर्यंत खातात कुठे? पण सुई दिसताच हा पर्वत म्हणाला, "मामा, हात द्या ना." दिला. अजून सुजलेला आहे. (अक्षराचं हे असं.)

निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबी अगदी बेताची आहे."

मी म्हटलं, "बाई, बाटली बदललीय तुमची. अहो, हा दारातून तिरका होऊन आत आलाय!"

त्या हसल्या. "आजोबा, याची चरबी बरीचशी कातडीखाली आहे, आतड्यांभोवती फारशी नाही. रोजचा सराव तिला रक्तात साचू देत नाही. सगळ्याच जाड्या माणसांचं असं नसतं हं, याचं आहे."

तोमिए, मी खुर्चीत असा काही सैल पडलो, की त्यांनी घाईघाईने माझाच रक्तदाब मोजला. दाइगो म्हणतो, "मामा, पाठीवर घेऊ का?" तेव्हा आता निर्धास्त झोप.

तुझा दादा,
कुराकिची

ता. क. बाई निघताना एवढं म्हणाल्या, की सराव सुटला आणि जेवण तेवढंच राहिलं, तर हेच रक्त बिघडायला वेळ लागणार नाही.

आणखी ता. क. तुला न्यायला यायची गरज नाही. या स्पर्धेनंतर दाइगो सुमो सोडून आपणच घरी येतोय. खांद्याने दगा दिला. गावाने ढोल वाजवून पाठवलं होतं, म्हणून तुला सांगायला लाजतो; ते माझ्या गळ्यात आलं. रागावू नकोस त्याच्यावर. भूक मात्र जशीच्या तशी घेऊन येतोय. तर भाताचं मोठं पातेलं शेजाऱ्यांकडे ठेवून ये, त्याला रोज पहाटे बागेचा चढ चढायला लाव आणि टीव्हीवर कितीही जाडा दिसला असला, तरी तो दारात उभा राहिल्यावर आईच्या सवयीने 'किती रे वाळलास' एवढं म्हणू नकोस.