ऋतुजाला मिळालेली शाबासकी

१८ मार्च, संध्याकाळ

आज कॉलेजात ऋतुजाच्या प्रकल्पाचं सरांनी भरवर्गात कौतुक केलं. माझा जळफळाट अजून थांबत नाही. विषय काय, तर रानात मेंढ्या बसवून लेंडीखत मिळवणं! तेलगावात तिच्या रानात बसलेला कळप आमच्या आबांचा. आणि मी? मेंढपाळाची पोर आहे हे लपवत दूध काढायच्या यंत्रावर लिहिलं.

आबांना फोन केला. "माझ्या वर्गातली पोरगी आलती का?"

"आलती की! चार दिस वही घिऊन मेंढरांमागं. लई इचारायची. माय, मला वाटलं, तू बी कवातरी असं इचारशील."

मी फोन ठेवला. शाबासकीचं जाऊ दे. आबा तिच्याशी चार दिवस बोलले, ते सहन होत नाही.