बंड्याचे केस आणि छापखान्यातलं मशीन

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. १२ जानेवारी २०००

ती. दादास,
दीप्तीचा सविनय जयभीम.

वि. वि. इकडे सगळे खुशाल असं लिहायची हाताला सवय आहे, पण या वेळी तसं लिहवत नाही. गेल्या गुरुवारी निशाला दम्याचा मोठा झटका आला. मी शाळेत वर्गावर होते, हे ड्यूटीवर. शेजारच्या बायडाबाई धापा टाकत शाळेच्या दारात आल्या. घरी पोचले तर पोरीचे ओठ निळे पडलेले आणि सासूबाई तिची पाठ चोळत बसलेल्या. नऊ वर्षांचं लेकरू श्वासासाठी झगडत होतं, तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न घरात जनावरं आहेत का, असा केला. बंड्या कुत्रा आणि दोन मांजरं आहेत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. एकतर जनावरं हलवा, नाहीतर केस आणि धूळ रोज मशीननं ओढून काढा, झाडू अजिबात नको, असं सांगितलं. सासूबाईंनी तिथंच कुत्रं घालवा म्हणून लावून धरलं. निशानं ते ऐकलं, आणि दोन दिवस ती बंड्याच्या साखळीजवळून हलली नाही. बंड्या तिच्याच वयाचा. डोळे उघडले नव्हते तेव्हापासून आमच्याकडे आहे.

परवा टाय लावलेला एक व्हॅक्यूम क्लीनर विकणारा आला. नळीच्या तोंडाला पांढरं फडकं लावून त्यानं आमची गादी ओढून दाखवली. ती गादी मी दर रविवारी उन्हात टाकते, दादा. दोन मिनिटांत फडकं राखेसारखं झालं. किंमत मात्र माझ्या दोन पगारांच्या वर. तू रोज मिक्सर-पंख्यांच्या मोटारी उघडतोस. परवडेल, टिकेल आणि कुत्र्याच्या केसांना पुरून उरेल असं काही असतं का, ते लगेच कळव.

वहिनींना नमस्कार. असाच पाठीशी राहा.
तुझी,
दीप्ती


पिंपरी
दि. २० जानेवारी २०००

चि. सौ. दीप्तीस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून हातातला पाना खाली ठेवला. तुझ्या वहिनीनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तेव्हा पत्रच तिच्या हातात दिलं.

आता मशीनचं. टायवाल्याच्या नादी लागू नकोस. तसली प्लास्टिकची यंत्रं दोन वर्षांत माझ्या टेबलावर अकरा आली, सगळी मोटर जळलेली. कारण एकच. आतली गाळणी पातळ, ती फाटते, केस मोटारीत शिरतात आणि बेअरिंगला गुंडाळी बसते. वॅटचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. गाळणी जाड हवी, पिशवी धुता येणारी कापडी हवी, आणि मोटारीतला झिजणारा कार्बन कुठल्याही गावात मिळणारा हवा. घरात कुत्रं असेल तर फिरत्या ब्रशचं तोंड घेऊच नये, साधं चपटं तोंड घ्यावं.

इथला एक छापखाना बंद झाला. त्यांचं धूळ ओढायचं, पत्र्याच्या पिंपाचं मशीन माझ्याकडे पडून आहे. दिसायला ओबडधोबड आणि आवाज भात गिरणीचा, पण तुझी निशा कॉलेजात जाईस्तोवर मरायचं नाही. कार्बन, बेअरिंग नवीन घालून ट्रान्सपोर्टनं पाठवतो. पैशाचं नाव काढलंस तर मशीन परत मागवीन.

एक काम मात्र नेमानं कर. एकेक खोली झाली की पिशवी अंगणात कागदावर उलटी कर आणि काय निघालं ते बघ. तोंडाला पदर बांध, निशाला लांब ठेव. मोटारीच्या पोटात काय सापडतं त्यावरून मी गिऱ्हाइकाचं घर ओळखतो. झटका कधी आला, त्या वेळी घरात कोण होतं, काय चाललं होतं, हेही वहीत लिहून ठेव.

बंड्याला एवढ्यात कुठं पाठवू नका. जावईबापूंना, कृष्णातरावांना, हा माझा निरोप सांग. पोरीच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझा,
अतुलदादा


कसबा बावडा
दि. २७ फेब्रुवारी २०००

ती. दादास,
दीप्तीचा सविनय जयभीम.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

मशीन एक तारखेला पोचलं. पहिल्या दिवशी बंड्या पलंगाखाली शिरला, मांजरं बायडाबाईंच्या कौलांवर. पण ओढ अशी की फरशीच्या फटीतली माती निघाली. पुढचे बारा दिवस निशाला खोकलासुद्धा नाही. मी तुला दुवा देत होते. त्याच दिवसांत सासूबाई वन्संकडे जयसिंगपूरला होत्या, त्याचा मी काहीच अर्थ लावला नाही.

त्या परतल्या आणि पंधरा तारखेला निशाला पुन्हा झटका आला, आधीपेक्षा मोठा. दवाखान्यात नळ्या लावाव्या लागल्या. मी तिच्या उशाशी असताना ह्यांनी बंड्याला टेम्पोत घातलं आणि गारगोटीला ज्ञानू म्हणून ह्यांचे मित्र आहेत, त्यांच्या मळ्यात नेऊन बांधलं. मला विचारलंसुद्धा नाही. निशा घरी आली, दारातली रिकामी साखळी बघितली आणि तशीच आत गेली. ह्यांनी त्या दिवशी जेवण टाळलं. चूक कळली होती, पण मान्य करवत नव्हती.

आणि मग बावीसला परत झटका. घरात कुत्रं नाही, मशीन रोज चालू, तरीही. मी वही उघडून बसले. प्रत्येक वेळी सकाळ, आम्ही दोघं कामावर, घरात फक्त सासूबाई आणि दुपारच्या शाळेची निशा.

चोवीसला मी सुट्टी टाकली आणि ओट्याखाली, रॉकेलच्या स्टोव्हमागं, जिथं कधी हात गेला नव्हता तिथं नळी घातली. अंगणात पिशवी उलटी केली. केस चिमूटभर. बाकी सगळी काळी-तपकिरी पूड आणि तंबाखूच्या काड्या. निशाला घरात थांब म्हणून बजावलं होतं, ती उंबऱ्यापर्यंत आलीच. तिथूनच तिला खोकल्याची उबळ आली. श्वासाचा पंप द्यावा लागला.

स्टोव्हमागं जळका तवा आणि मिसरीचा डबा सापडला, दादा. निशा झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मिसरी सोडली होती. डॉक्टरांनी घरात तंबाखू आहे का विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी नाही म्हणणाऱ्या त्याच. रोज आमची पाठ वळली की पोरीच्या शेजारी बसून तंबाखू भाजायच्या.

मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. सांजेपर्यंत शोधलं, आणि मग त्या आल्या. कशा आल्या ते त्याच तुला कळवणार म्हणतात. निशाला खरं कारण आम्ही सांगितलेलं नाही. आजीवर तिचा फार जीव. कसं सांगायचं ते तूच सुचव.

लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू दे.
तुझी,
दीप्ती


कसबा बावडा
दि. १२ मार्च २०००

अतुल पावण्यांस,
तानूबाईचा जयभीम. मी सांगतो, निशा लिवती.

तुमचं मशीन झ्याक हाय. माजं पाप त्येनंच बाहीर काढलं.

चाळीस वर्सं मिसरी लावली. सोडली म्हणून शपथ घेतली, पर सुटली न्हाय. ल्योक-सून कामावर गेली की तवा टाकायचा. पोरीला म्हणायचो, आईला सांगू नगंस. धुरानं तिचा दम कोंडतोय हे मला ठावं नव्हतं. पर डाक्टरनं इचारलं तवा काळजात चर्र झालं हुतं, आन तरी मी न्हाय म्हटलं. वर कुत्र्याचं नाव मीच घेतलं. मुक्या जनावरावर ढकलून मोकळी झालो.

सुनेनं कागूद म्होरं ठेवला. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सकाळच्या पयल्या गाडीनं गारगोटीला गेलतो. ज्ञानू म्हणाला, कुत्र्यानं धड खाल्लं न्हाय. मला बघून बंड्या उठला न्हाय, नुसती शेपूट हालवली. पदराची पट्टी फाडून गळ्यात बांधली. कंडक्टर गाडीत घीना. मग चालाय लागलो. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं दुधाच्या टेम्पोवाल्यानं थांबून इचारलं, म्हातारे, तू कुणाची गं? म्हटलं, ह्या कुत्र्याची. बसीवलं त्येनं.

मिसरीचा डबा मी नदीत टाकला. आता दात दुकत्यात, डोस्कं गरगरतंय. त्ये सोसतो. रोज मशीन मीच फिरवतो.

पोरीला तोंडानं सांगाय जीभ रेटत नव्हती. म्हणून तिच्याच हातनं तुमाला लिवतोय. तिचा दम माज्या तव्यातनं आला. बास. माया कमी करू नगासा.

मामा, मी निशा. तव्याचं मला माहीत होतं. त्याच्यामुळं झालं हे माहीत नव्हतं. आजी सांगत गेली तसं लिहीत गेले, आणि शेवटच्या ओळीला माझं पेन थांबलं. आजी भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला तिचा खूप राग आला. मी बाहेर बंड्याजवळ जाऊन बसले. पुष्कळ वेळानं आत आले तरी ती तशीच होती.

मी म्हटलं, आजी, सही राहिली. ती अंगठा पुढं करायला लागली. मी तिच्या हातात पेन दिलं आणि तिचा हात धरून नाव काढलं. वाकडं आलंय ते आम्हां दोघींचं आहे.

तानूबाई