पाच वीसची गाडी

१८ ऑगस्ट

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इथे सगळे बरे आहोत. पोरीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती हसताना तोंडावर हात धरते. फोनच केला असता, पण फोनवर तू माझीच विचारपूस करत सुटतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं.

तुझं पत्र मिळालं. तुमच्याबरोबर कामाला जाणाऱ्या आयाबाईंना हायवेवर टेम्पोने मागून उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, हे वाचल्यापासून कशात लक्ष नाही. वस्तीतली बस बंद झाल्यापासून तुम्ही सगळ्या अंधारात पाऊण तास चालत हॉस्पिटलच्या पाळीला जाता, हेही तू सहज लिहावं तसं लिहिलंस. आणि खाली, "तुझ्या हातात असतं तर तू गाडी बंद होऊ दिली नसतीस, हे मी सगळ्यांना सांगते."

यावर काय लिहू? आमच्या बसच्या ऑफिसची तऱ्हा तुला ठाऊक नाही. शहर चारी बाजूंनी फुगतंय, गाड्या मात्र तेवढ्याच. साहेबांना सगळे मार्ग सरळ हवेत. नकाशावर वळण दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी. तुमच्या वस्तीचं वळण काढलं की फेरीमागे अकरा मिनिटं वाचतात. तीन महिने मी ती गाडी परत सुरू करण्याचा अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. वेळापत्रकवाले डेपोकडे बोट दाखवतात, डेपोवाले साहेबांकडे. साहेब म्हणतात, मोजणीत तिथे दिवसाला सहाच प्रवासी निघालेत, मी काय करू?

ताकाला जाऊन भांडं लपवतोय मी. ताई, ती मोजणी माझी होती.

तीन दिवस पहाटे पाचपासून थांब्यावर बसून चढणारी माणसं मोजायची होती. मी एकच दिवस गेलो, तोही नऊ वाजता. पोरीला ताप होता, असं आजवर स्वतःला सांगत आलो. ताप एकच दिवस होता. बाकीचे दोन दिवस ऑफिसात पंख्याखाली बसून अंदाजाने भरले. पाच वीसची गाडी माझ्या कागदावर रिकामीच गेली. तू वीस वर्षं त्याच गाडीने जातेस, हे मला माहीत नव्हतं का? होतं. वाटलं, एका रकान्याने कुठे बस बंद पडते!

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हायवेच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. अडतीस बायका मोजल्या. एकामागे एक, रस्त्याची कड धरून. पुढे तू होतीस, बॅटरी घेऊन. हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही.

त्याच दिवशी साहेबांना लेखी दिलं, की जुनी मोजणी खोटी आहे आणि ती मी केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, मला दार लावायला सांगितलं.

"हे मागे घे," ते म्हणाले. "त्या वस्तीच्या वळणाचं पुढच्या वर्षी बघू. तुझी नोकरीही शाबूत राहील."

"पुढच्या वर्षापर्यंत त्या बायका चालतच राहणार, साहेब."

कागद टेबलावर ठेवून बाहेर आलो. आता माझी चौकशी लागली आहे. मार्ग मात्र बदलला नाही. नकाशे छापून झालेत म्हणे. पदरात पडली ती पहाटेची एक फेरी, येत्या सोमवारपासून, तीही तीन महिने प्रयोग म्हणून. परतीची नाही. म्हणजे घरी येताना पुन्हा तोच हायवे. एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईचं हाड मोडावं लागलं, याचा इतका संताप येतो, आणि तो काढायला दुसरं कोणी शोधावं तर पहिलं नाव माझंच निघतं.

तुझी माफी मागत नाही. तू लगेच देशील आणि विषय मिटवशील. आयाबाईंना तसं सोपं जाणार नाही, आणि जाऊही नये.

सोमवारी त्या गाडीने मी वस्तीत येतोय. थांब्यावर सगळ्यांसमोर मीच सांगेन, मग तुमच्याच हॉस्पिटलात आयाबाईंकडे जाईन. तोवर माझी बाजू घेऊ नकोस. माझ्या शेजारी उभी राहिली नाहीस तरी चालेल. फक्त ऐकून घे.

तुझ्या विश्वासाला न जागलेला, तरी तुझाच,
धाकटा